नेब्रास्का यंदा किती सामने जिंकेल? कॉलेज फुटबॉलच्या हंगामाचा अंदाज बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरात, एकच प्रश्न फिरू लागतो. किराणा दुकानात बिल करणारी मुलगी विचारते, दात तपासता तपासता डॉक्टर विचारतात, आणि गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत आपली मराठी मंडळीही विचारतात: यंदा किती? म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाचा संघ, हस्कर्स, यंदा किती सामने जिंकणार. मी इथे शिकायला आले, मग नोकरीसाठी राहिले आणि या संघात जीव अडकला. दरवर्षी हंगामाआधी मी वहीत अंदाज लिहून ठेवते. ओळखीचे लोक, नव्याने आलेले विद्यार्थी आणि साताऱ्याहून फोन करणारी आई जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा कुठला फुटबॉल?

अमेरिकन. हातात धरून पळायचा, लांबट चेंडूचा. टचडाउनचे ६ गुण, त्यानंतर लाथेने १ किंवा पुन्हा डाव खेळून २, आणि फील्ड गोलचे ३. पुढे हे एक गणित सारखं लागणार आहे: एका हल्ल्यात जास्तीत जास्त ८ गुण मिळतात. म्हणून ८ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेल्या सामन्याला मी ‘निसटता सामना’ म्हणते.

कॉलेजच्या पोरांचा खेळ आणि एवढी चर्चा?

नेब्रास्का राज्यात पहिल्या दर्जाचा व्यावसायिक फुटबॉल संघच नाही. सगळ्या राज्याचा संघ हाच. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधला प्रत्येक सामना १९६२ पासून हाऊसफुल्ल आहे. सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसरं मोठं शहर, असं इथले लोक सांगतात. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं या संघाच्या नावावर आहेत. टॉम ऑसबोर्न १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. त्यांनी २५५ सामने जिंकले आणि फक्त ४९ हरले. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या अंदाजात ते दिवस आपसूक उतरतात. म्हणून इथे कुणी ‘यंदा दहा’ म्हटलं, तर आधी त्याचं वय बघावं.

अंदाज नक्की कशाचा बांधायचा?

नियमित हंगामात १२ सामने असतात, त्यातले ९ आपल्या लीगमध्ये, म्हणजे बिग टेनमध्ये. नावात टेन असलं तरी २०२४ पासून त्यात १८ संघ आहेत. ६ विजय मिळाले की संघ हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्याला पात्र होतो. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये २०२४ पासून चारऐवजी बारा संघ घेतले जातात. त्यामुळे अंदाज बांधणाऱ्याला तीन पायऱ्या दिसतात: सहा गाठणार का, आठ-नऊपर्यंत जाणार का, आणि दहाच्या वर जाऊन प्लेऑफचं दार ठोठावणार का. नेब्रास्काच्या बाबतीत गेली कित्येक वर्षं खरा वाद पहिल्या पायरीवरच झाला आहे.

वेळापत्रक समोर ठेवून ‘हा जिंकू, हा हरू’ अशा खुणा करत गेलं तर काय बिघडतं?

सगळे हेच करतात आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. उदाहरणादाखल एक वेळापत्रक घेऊ. दोन सामने अगदी सोपे, जिंकायची शक्यता ९५ टक्के. दोन बऱ्यापैकी सोपे, ८० टक्के. तीन ७० टक्क्यांचे, तीन ६० टक्क्यांचे, एक ५५ चा आणि एकच अवघड, ३० चा.

खुणा करत गेलात तर अकरा सामन्यांत तुमचाच संघ वरचढ दिसतो. म्हणजे ११-१. घरात उत्सव सुरू! आता तेच टक्के बेरजेला घ्या: ०.९५ दोनदा, ०.८० दोनदा, ०.७० तीनदा, ०.६० तीनदा, ०.५५ आणि ०.३०. बेरीज ८.२५. त्याच संघाकडून, त्याच वेळापत्रकात अपेक्षा करायची ती सव्वाआठ विजयांची. जवळजवळ तीन सामन्यांचा फरक पडला, आणि कुणाबद्दलचंही मत न बदलता पडला.

साठ टक्क्यांचा सामना म्हणजे दहातले चार हरायचे. हवामान खात्याने साठ टक्के पावसाची शक्यता सांगितली आणि दिवस कोरडा गेला, तर खातं चुकलं असं म्हणता येत नाही. पण असे दहा दिवस घेतले आणि दहाही दिवस छत्री लागेल असं आपण ठरवलं, तर चूक आपली.

दुसरी गोष्ट म्हणजे या सव्वाआठभोवती किती हेलकावा धरायचा. वरच्या उदाहरणात तो साधारण दीड विजय इतका येतो. म्हणजे सात, आठ, नऊ हे आकडे अगदी साधे, दहाही नवलाचा नाही आणि सहाही. म्हणून आता मी वहीत नुसता एक आकडा लिहीत नाही. मधला आकडा लिहिते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालते.

गेल्या वर्षीची जय-पराजयाची नोंद पाहून अंदाज बांधावा का?

पाहावी, पण तिच्यावर थांबू नये. आकड्यांत रमणाऱ्या लोकांत नेब्रास्काचा २०२१ चा हंगाम प्रसिद्ध आहे तो यामुळेच. त्या वर्षीचा निकाल ३-९. नऊ पराभव! आता ते पराभव बघा: इलिनॉयकडून ८ गुणांनी, ओक्लाहोमाकडून ७, मिशिगन स्टेटकडून ३, मिशिगनकडून ३, मिनेसोटाकडून ७, पर्ड्यूकडून ५, ओहायो स्टेटकडून ९, विस्कॉन्सिनकडून ७, आयोवाकडून ७. नवातले आठ निसटते, आणि नववा निसटता ठरायला एकच गुण कमी पडला. उलट जे तीन जिंकले ते ४५, २५ आणि ४९ गुणांनी. संपूर्ण हंगामात संघाने ३३५ गुण केले आणि २७२ दिले. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ६३ गुण जास्त करून नऊ सामने हरलेला संघ!

इथे एक सूत्र कामाला येतं. बिल जेम्स यांनी ते बेसबॉलसाठी मांडलं, नंतर फुटबॉलसाठी त्यातला घात बदलून २.३७ केला गेला. केलेल्या गुणांचा २.३७ वा घात घ्या, दिलेल्या गुणांचाही घ्या, आणि पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. २०२१ च्या नेब्रास्काला ते लावलं की ०.६२ येतं, म्हणजे बारातले साधारण साडेसात विजय. प्रत्यक्षात तीन. ही तफावत बहुतेक संघांच्या बाबतीत पुढच्या वर्षी भरून निघते, कारण निसटते सामने बऱ्याच अंशी नाणेफेकीसारखे असतात. आठ नाणी उडवून आठही उलटी पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक.

पण एक सावधगिरी हवी. त्या ६३ गुणांत फोर्डहॅमविरुद्धचा ५२-७ असा विजय आहे, आणि फोर्डहॅम खालच्या विभागातला संघ. तो सामना बाजूला काढला तर उरलेल्या अकरा सामन्यांत सूत्र साधारण सहा विजय सांगतं. दुबळ्या संघाला धुऊन काढण्यात गुण भरपूर मिळतात, माहिती फार मिळत नाही. मी खालच्या विभागातले सामने नेहमी वगळूनच हिशेब करते.

मग २०२२ मध्ये ते नशीब फिरलं का?

नाही. आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त शिकवणारं काही असेल, तर ते हे ‘नाही’.

त्या उन्हाळ्यात बहुतेक जाणकार म्हणत होते की नेब्रास्का वर येणार. माझ्या वहीत मी ८ लिहिले होते, कुंपण न घालता. पहिला सामना आयर्लंडमध्ये, डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नशी. तिसऱ्या पर्वात नेब्रास्का २८-१७ असं पुढे. तिथे प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू जवळच टाकून आपणच परत मिळवायचा जुगार. हा डाव साधारण पिछाडीवरचा संघ, वेळ संपत आल्यावर खेळतो. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला आणि सामना ३१-२८ असा गेला. नॉर्थवेस्टर्नने त्यानंतरचे अकराही सामने हरले. त्या वर्षातला त्यांचा एकमेव विजय तो. दोन आठवड्यांनी नेब्रास्का घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ असं हरलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट यांना काढलं. हंगाम ४-८, आणि निसटत्या सामन्यांत २ विजय, ५ पराभव.

नवे प्रशिक्षक म्हणून मॅट रूल आले. २०२३ मध्ये ५-३ वरून संघ सलग चार सामने हरला: मिशिगन स्टेटकडून ३ गुणांनी, मेरीलँडकडून ३, विस्कॉन्सिनकडून जादा वेळेत ७, आयोवाकडून ३. निसटत्यांत १-५. २०२४ मध्ये २-५. म्हणजे चार हंगामांत मिळून निसटत्या सामन्यांत ५ विजय आणि २३ पराभव. नाणेफेक म्हणून याचं स्पष्टीकरण मला देता येत नाही. चेंडू सांभाळणं, लाथ मारणाऱ्याचा नेम, शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ कसं वापरायचं, संघाला डाव जिंकायची सवय आहे की हरायची, हे सगळं त्यात आहे.

तेव्हापासून मी निसटत्या पराभवांचे दोन ढीग करते. हातातून सुटलेला चेंडू जमिनीवर उसळतो तेव्हा तो कुणाला सापडेल हे जवळपास निम्मं-निम्मं असतं; ते नशीब, ते पुढच्या वर्षी फिरेल असं धरावं. पण चेंडू सुटलाच किती वेळा आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात किती वेळा टाकला, यात मोठा भाग सवयीचा. सवय बदलायला माणसं बदलावी लागतात किंवा शिकवणं बदलावं लागतं. ते बदललेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत ‘यंदा नशीब फिरेल’ असं मी लिहीत नाही.

२०२५ मध्ये मात्र ते फिरलं. सिनसिनाटीवर ३ गुणांनी, मेरीलँडवर ३, नॉर्थवेस्टर्नवर ७, यूसीएलएवर ७ असे चार निसटते विजय, आणि मिशिगन व यूएससीकडून दोन निसटते पराभव. पण त्याच वर्षी मिनेसोटाकडून १८, पेन स्टेटकडून २७, आयोवाकडून २४ आणि लास व्हेगास बोलमध्ये युटाकडून २२ गुणांनी हार झाली. नोंद ७-६. ३-९ च्या संघाबद्दल २०२१ मध्ये आकडे चांगलं बोलत होते. ७-६ च्या संघाबद्दल ते काळजीने बोलतात.

कोण परत येतंय आणि कोण जातंय, हे किती महत्त्वाचं?

पूर्वी हा सोपा हिशेब होता. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची किती मुलं शिल्लक आहेत, तेवढं मोजायचं. आता ट्रान्सफर पोर्टल आहे. खेळाडूने त्या यादीत नाव टाकलं की दुसरं विद्यापीठ त्याला बोलावू शकतं. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर एक वर्ष बाकावर बसण्याची अट गेली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देतात.

म्हणून ‘गेल्या वर्षीचा संघ’ या शब्दालाच आता फारसा अर्थ राहिलेला नाही. मी आक्रमणाच्या आणि बचावाच्या सुरुवातीच्या अकरा-अकरा जणांची यादी काढते आणि प्रत्येकासमोर लिहिते: होता, नवा आला, की कच्चा. सगळ्यांत जास्त लक्ष आक्रमणाच्या पुढच्या फळीवर, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जाडजूड मुलांवर. त्यांच्या नावाचे शर्ट कुणी विकत घेत नाही, पण ते पाच जण वर्षभर शेजारी-शेजारी खेळलेले असतील तर माझा आकडा अर्ध्या विजयाने वर जातो. कबड्डीची साखळी जशी एकत्र सरावाने जमते, तसंच हे आहे. पाच चांगले खेळाडू आणून पहिल्याच महिन्यात ती जमत नाही.

एकट्या क्वार्टरबॅकवर सगळं असतं का?

सगळं नाही, पण दुसऱ्या कुठल्याही जागेपेक्षा जास्त. २०२५ मध्ये नेब्रास्काचा डिलन रायोला १ नोव्हेंबरला यूएससीविरुद्ध पाय मोडून बाहेर गेला. त्यानंतर नवख्या टीजे लॅटीफने यूसीएलएचा सामना काढून दिला, पण पुढचे तिन्ही सामने संघ मोठ्या फरकाने हरला. मग रायोला ओरेगॉनला निघून गेला आणि धावण्यात लीग गाजवलेला एमेट जॉन्सन व्यावसायिक फुटबॉलकडे वळला.

अंदाज बांधताना दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कोण, हा प्रश्न पहिल्याइतकाच गंभीरपणे विचारा.

नवा कोच आला की किती वर्षांत फरक दिसतो?

रूल यांची कीर्ती ‘तिसऱ्या वर्षाचा माणूस’ अशी होती आणि ती कमावलेली होती. टेम्पल विद्यापीठात २०१३ ला २-१०, मग ६-६, मग १०-४. बेलर विद्यापीठात २०१७ ला १-११, मग ७-६, मग ११-३. त्यामुळे लिंकनमध्ये २०२५ कडे सगळे डोळे लावून बसले होते. इथे झालं ते ५-७, ७-६, ७-६. दोन उदाहरणांवरून नियम बनत नाही, हे मला माहीत होतं. तरी त्या वर्षी माझा मधला आकडा त्या दोन उदाहरणांनी वर ओढला होताच.

फ्रॉस्ट यांचंही तसंच. १९९७ च्या विजेत्या संघाचे ते क्वार्टरबॅक, गावातलाच मुलगा. सेंट्रल फ्लोरिडाला २०१५ मध्ये एकही विजय नव्हता. फ्रॉस्ट यांनी २०१७ मध्ये तो संघ १३-० केला. घरी परतले तेव्हा आनंदाला पारावार नव्हता. पहिल्या हंगामाची सुरुवात सलग सहा पराभवांनी झाली आणि नेब्रास्कात त्यांची एकूण नोंद १६-३१ राहिली. कोच बदलला की मी मधला आकडा फारसा हलवत नाही, कुंपण मात्र दोन्ही बाजूंनी रुंद करते.

हंगामाआधीच्या राष्ट्रीय क्रमवारीवर विश्वास ठेवावा का?

थोडा. वरचे पंचवीस संघ साधारण बरे असतात, एवढंच ती सांगते. २०२५ मध्ये पत्रकारांच्या क्रमवारीत टेक्सास पहिलं आणि पेन स्टेट दुसरं होतं. टेक्सास बारा संघांच्या प्लेऑफमध्येही पोहोचलं नाही. पेन स्टेटने ऑक्टोबरमध्येच आपल्या प्रशिक्षकाला निरोप दिला.

संगणकाचे अंदाज जास्त खरे निघतात का?

माझ्या अंदाजांपेक्षा तरी हो. बिल कॉनेली यांचं एसपी प्लस हे मला सगळ्यांत उघड वाटतं, कारण हंगामाआधी ते कशावर उभं आहे हे ते सांगतात: परत येणाऱ्या खेळाडूंची कामगिरी, अलीकडची भरती आणि अलीकडच्या वर्षांचा इतिहास. मी त्यातला संघाचा दर्जा दाखवणारा गुण घेते, दोन संघांच्या गुणांची वजाबाकी करते, घरच्या मैदानाचे साधारण अडीच गुण जमा करते आणि त्यावरून प्रत्येक सामन्याची टक्केवारी मांडते.

संगणकाला एक गोष्ट दिसत नाही: सरावात कोण लंगडतोय. आणि मला एक गोष्ट दिसत नाही: माझा संघ माझा नसता तर मी काय म्हटलं असतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवते, आणि फरक एका विजयापेक्षा जास्त असेल तर कारण लिहून काढते. कारण सापडलं नाही तर संगणकाचं ऐकते.

वेळापत्रकाचा परिणाम किती?

अठरा संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाला नऊच सामने, म्हणजे दोन संघांच्या वाट्याला आलेलं काम सारखं नसतंच. एकाला तीन बलाढ्य मिळतात, दुसऱ्याला एक. लीगबाहेरचे तीन सामने विद्यापीठ स्वतः ठरवतं. नेब्रास्काने २०२६ आणि २०२७ साठी ठरलेले टेनेसीशी सामने रद्द करून हलके प्रतिस्पर्धी घेतले. मला ते आवडलं नाही. असे सामने पाहायला लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. पण अंदाजाच्या वहीत त्याने जवळपास अर्धा विजय वाढतो, हे खरं.

शिवाय क्रम बघा. २०२४ मध्ये संघ ५-१ होता आणि गावात प्लेऑफची भाषा सुरू झाली होती. पुढे इंडियाना, ओहायो स्टेट, यूसीएलए, यूएससी ओळीने आले. इंडियानाने ५६-७ असं हरवलं आणि चारही गेले. सोपे सामने आधी असले की सप्टेंबरमध्ये सगळेच शहाणे ठरतात. तो हंगाम शेवटी ७-६ झाला. डिसेंबरमध्ये बॉस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजय मिळाला तो नेब्रास्काचा नऊ वर्षांतला पहिला बोल विजय.

एकदम उसळी घेणारे किंवा कोसळणारे संघ आधी ओळखता येतात का?

कोसळणारे थोडेफार येतात. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये १३-१ आणि २०२४ मध्ये २-१०. त्यांचा अनुभवी क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस गेला होता, अनेक खेळाडू व्यावसायिक संघांनी उचलले होते. तरी हंगामाआधी ते पहिल्या दहात होते. दोन विजयांवर येतील असं कुणी म्हटलं नसतं, पण घसरणीची चिन्हं समोर होती. टीसीयूचं (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) उलटसुलट: २०२१ ला ५-७, २०२२ ला थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात (तिथे जॉर्जियाकडून ६५-७), आणि २०२३ ला पुन्हा ५-७. २०२२ मधले त्यांचे कितीतरी विजय निसटते होते.

उसळी ओळखणं फार कठीण. इंडियाना २०२३ मध्ये ३-९ होतं आणि शतकभराच्या पराभवांचं ओझं वाहत होतं. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आपले बरेच खेळाडू घेऊन आले. २०२४ मध्ये ११-२, आणि २०२५ मध्ये १६-० सह राष्ट्रीय विजेतेपद. तोवर सगळे मानत होते की शाळेत असतानाच भरतीच्या गुणांकनात पाचपैकी चार-पाच तारे मिळालेली मुलं निम्म्याहून अधिक असल्याशिवाय कुणी विजेता होत नाही. इंडियानाकडे तशी मुलं फार नव्हती. मुरलेली, बावीस-तेवीस वर्षांची मुलं होती. माझ्या यादीत ‘वय आणि खेळलेले सामने’ हा रकाना तेव्हापासून आला.

या अंदाजावर पैसे लावावेत का?

नाही. नेब्रास्कात कॅसिनोत जाऊन खेळांवर पैज लावता येते, पण राज्यातल्या कॉलेज संघाच्या राज्यात होणाऱ्या सामन्यावर नाही, आणि तो नियम मला योग्य वाटतो. भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली आहे. मैदानावरची मुलं एकोणीस-वीस वर्षांची असतात. त्यांनी चेंडू सोडला म्हणून कुणाचं घरभाडं बुडू नये.

हंगाम सुरू झाल्यावर अंदाज बदलायचा का?

बदलायचा, पण पहिला आकडा खोडायचा नाही. मी दर रविवारी उरलेल्या सामन्यांची टक्केवारी नव्याने मांडते आणि शेजारी तारीख घालते. एका सामन्यावरून कुठलीही टक्केवारी दहापेक्षा जास्त हलवायची नाही, असा माझा नियम आहे. दुखापतीला तो लागू नाही.

भारतातून सामने कधी दिसतात?

सामने बहुतेक शनिवारी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथले सकाळचे ११ म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, दुपारचे अडीच म्हणजे रात्रीचा एक, आणि संध्याकाळचे साडेसहा म्हणजे रविवारी पहाटेचे पाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, मग सगळ्यात एक तास मिळवा. आई साडेनऊचे सामने जेवण आटोपून बघते. नियम तिला अजून नीट कळलेले नाहीत, पण ‘अगं, तो तुझा लाल शर्टवाला पडला की’ एवढं ती अचूक सांगते.

बरं, मग २०२६ मध्ये किती?

वेळापत्रकात इंडियाना, ओहायो स्टेट आणि ओरेगॉन हे तिघेही आहेत. तिघांत मिळून मी अर्ध्याहून थोडा जास्त विजय धरते. लीगबाहेरच्या तीन सामन्यांतून पावणेतीन. उरलेले सहा सामने साधारण बरोबरीच्या संघांशी. क्वार्टरबॅक नवा, धावणारा नवा, आणि गेल्या वर्षीच्या निसटत्या विजयांतले एक-दोन परत द्यावे लागतील असं धरून, त्यातून तीन. बेरीज साडेसहाच्या खाली. वहीत लिहिलं आहे: मधला आकडा ६, कुंपण ५ ते ८.

आठ व्हायचे असतील तर थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आयोवाला हरवावं लागेल. २०२३ आणि २०२४ मध्ये तो सामना अगदी सारखाच, १३-१० असा गेला, आणि २०२५ मध्ये ४०-१६. त्या सामन्यापुढे मी ४० टक्के लिहिले आहेत. मनातला आकडा मोठा आहे, पण तो वहीत लिहिलेला नाही.